सोवळ्यातली मोटार

जुन्या मोटारींचा विषय निघाला की आपल्याकडे दोन पक्ष बोलू लागतात, आणि दोघांशीही माझे भांडण आहे. पहिला पक्ष म्हणतो, पंधरा-वीस वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावी, तिचे लोखंड वितळवावे आणि नवी घ्यावी. दुसरा पक्ष हे ऐकून कानांवर हात ठेवतो. त्याच्या मते जुनी गाडी हा वारसा आहे. ती कारखान्यातून आली तशी, शेवटच्या स्क्रूपर्यंत तशीच राहिली पाहिजे, खोळीत झाकून ठेवली पाहिजे, आणि हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी, पावसाचा संभव नसताना, मिरवणुकीपुरती बाहेर काढली पाहिजे. पहिल्याला ती मेलेली हवी, दुसऱ्याला ती पेंढा भरलेली हवी. तिने रोज सकाळी कामावर जावे, येताना भाजी आणावी, पावसात भिजावे, ही इच्छा मात्र दोघांनाही सारखीच असभ्य वाटते.

ती असभ्य इच्छा माझी आहे. माझ्याकडे १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट आहे आणि मी ती रोज चालवतो. तिच्यात मी पुष्कळ फेरफार केले आहेत आणि आणखी करणार आहे. हे सांगतो ते कौतुकासाठी नव्हे. पुढचे विवेचन चालवणाऱ्याच्या बाजूने होणार आहे, एवढे वाचकाला आधीच ठाऊक असावे म्हणून. माझे म्हणणे थोडक्यात असे : मोटार रोज चालली तरच टिकते, आजच्या रस्त्यावर रोज चालायची तर तिला बदलावेच लागते, म्हणून तिच्यात विचारपूर्वक केलेल्या बदलाला द्रोह म्हणणे हा शुद्ध अविचार आहे.

*

आधी दुसऱ्या पक्षाचा समाचार घेतो. तो मला अधिक जवळचा आहे, आणि भांडण जवळच्यांशीच नीट होते. या मंडळींचा सारा शब्दकोश एका शब्दात मावतो : 'ओरिजिनल'. काही वर्षांपूर्वी अशाच एका मेळाव्यात एका परीक्षकांनी माझ्या गाडीचे बॉनेट उघडले, आत टॉर्च मारला, आणि डायनमोच्या जागी अल्टरनेटर दिसताच त्यांचा चेहरा असा झाला, की जणू सोवळ्याच्या पंक्तीत कोणी कांदा वाढला. "डायनमो काढलात? मग हिच्यात राहिले काय?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "साहेब, मोटार राहिली. आज सकाळी ती ठाण्याहून आपल्या चाकांवर आली आहे." त्या दिवशी पहिले बक्षीस मिळालेली गाडी ट्रकवरून आली होती आणि ढाल घेऊन ट्रकवरूनच परत गेली. बक्षीस हुकल्याचे मला सोयरसुतक नाही. पण मोटारीची परीक्षा करताना ती चालते की नाही हे पाहण्याची गरजच कोणाला वाटू नये, याचे मात्र नवल वाटते.

बरे, हे 'मूळ' म्हणजे तरी कोणते? माझ्या गाडीचेच पाहा. तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन फियाटने १९३७ साली दुसऱ्याच एका मोटारीसाठी काढलेले. तेच पुढे सुधारून, १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडलेल्या नव्या ११०० मध्ये बसवले. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ही गाडी कुर्ल्याला बांधायला घेतली, आणि तिच्या गोलमटोल पाठीमुळे आपल्या लोकांनी तिला 'डुक्कर फियाट' हे नाव दिले. तिची पुढची दारे उलटी उघडत. मागून एलिगंट आली, सिलेक्ट आली, सुपर सिलेक्ट आली. १९६४ साली डिलाइट आली, तिची दारे सुलटी होती. डिलाइटची इटलीतली बहीण १२२१ घनसेंटिमीटरचे इंजिन घेऊन धावत असताना कुर्ल्याने नव्या अंगात जुने १०८९च ठेवले. म्हणजे ज्या संकराबद्दल आज माझ्यासारख्याला दोष दिला जातो, तो कारखान्याने आधीच करून ठेवला होता! इटलीत ही मालिका १९६९ साली संपली. आपल्याकडे १९७४ पासून 'पद्मिनी' हे नाव घेऊन ती शतकाच्या अखेरीपर्यंत चालली. या लांबलचक साखळीतली कोणती कडी मूळ म्हणायची? सोवळ्याची मंडळी सांगतात, गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली तो क्षण मूळ. परंतु गाडीचे आयुष्य त्या क्षणाच्या पुढे सुरू होते. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर हाती आलेली गाडी त्या काळातले लोक पंचवीस-तीस वर्षे वापरीत. तेवढ्या काळात तिच्या बोअरचे काम दोनदा होई, रिंगा बदलत, मडगार्डाचा पत्रा बदले, मिळेल त्या रंगाने ती रंगे. हाच तिचा इतिहास. तो पुसून पहिल्या दिवसाचा देखावा उभा करायचा आणि त्याला इतिहासाचे जतन म्हणायचे, हा न्याय माझ्या गळी उतरत नाही.

आपल्या भाषेत या कामाला एक जुना शब्द आहे : जीर्णोद्धार. अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली काशीचे विश्वनाथाचे देऊळ नव्याने उभे केले, ते दर्शनाला येणाऱ्यांसाठी. पूर्वीच्या दगडांची नक्कल हा त्यामागचा हेतू नव्हता; देवाची पूजा चालू राहावी हा होता. घरगुती उदाहरण हवे असेल तर गोधडीचे घ्या. विरलेल्या जागी नवे ठिगळ बसते म्हणून तिला कोणी खोटी गोधडी म्हणत नाही, कारण ती रात्री अंगावर असते. ठिगळाचे दुःख फक्त ती भिंतीवर टांगणाऱ्याला होते.

आणि नुसत्या भावनेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी यंत्राचा स्वभावच उभे राहण्याच्या विरुद्ध आहे. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि जेटच्या बारीक छिद्रांत त्याचा चिकट थर बसतो. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषते आणि व्हील सिलिंडरांना आतून गंज लागतो. तेलाचे सील वाळतात. इंजिन पाच मिनिटे घरघरवून बंद केले तर ते पुरते तापत नाही. आत धरलेले पाणी तेलातच राहते आणि बेअरिंगांचा घास घेते. त्यात मुंबईची खारी दमट हवा. रोज पंधरा-वीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीला यातले फारसे काही होत नाही. ज्यांनी आपल्या गाड्या सर्वांत जपल्या असे समजतात, त्यांच्याच गाड्या मेळाव्याच्या आदल्या रात्री मिस्त्रीला बोलावतात.

*

आता बदलांकडे येतो. डिलाइट ज्या रस्त्यासाठी बांधली त्या रस्त्यावर बैलगाडी होती, सायकली होत्या आणि मधूनच एखादी बस होती. तिला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आणि त्या चारींना मिळून तेलाची एकच वाट. ती कुठेही फुटली की चारही ब्रेक एकदम गेले. आज तिच्यापुढे जी गाडी असते ती पायाच्या इशाऱ्यासरशी जागच्या जागी थांबते. म्हणून मी दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला : पुढची वाट निराळी, मागची निराळी, एक गेली तरी दुसरी उरते. मूळच्या एकेरी सिलिंडरावर श्रद्धा ठेवून कोणाच्या मुलाला चाकाखाली घालण्याची माझी तयारी नाही.

डायनमो का काढला, तेही सांगतो. डायनमोला वीज करायची तर वेग लागतो. रहदारीत अडकलेल्या गाडीचे इंजिन मंद फिरते आणि डायनमो झोपी जातो. आषाढातल्या संध्याकाळी दिवे लावलेले, वायपर चालू, आणि घोडबंदर रस्त्यावर तासभर गाडी हललेली नाही, अशा वेळी तो बॅटरी पिऊन टाकतो. अल्टरनेटर मंद गतीतही भरतो. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट आणि कंडेन्सर काढून त्याच टोपीखाली इलेक्ट्रॉनिक जुळणी बसवली. बाहेरून काहीही दिसत नाही. पण पहिल्या हाकेला गाडी ओ देते, ठिणगी चुकत नाही, आणि न जळलेले पेट्रोल धुरातून बाहेर पडत नाही. पुढच्या दिव्यांचा सारा प्रवाह डॅशबोर्डवरच्या जुन्या खटक्यातून जाई आणि वाटेतच अर्धा थके. दोन रिले लावले, आणि त्याच दिव्यांनी रस्ता दिसू लागला. सीटला पट्टे नव्हते. ते लावताना नुसते पत्र्यात भोक पाडून चालत नाही. झटका बसला की पातळ पत्रा फाटून पट्टा बोल्टासकट हातात येतो. आतून जाड पोलादी पट्टी वेल्ड करून मगच पट्टा ओवावा लागतो.

गंजाची गोष्ट याहून गंभीर आहे. या गाडीला निराळी चॅसिस नाही. तिचे अंग हाच तिचा सांगाडा. दाराखालच्या पेट्या आणि पायाखालचा पत्रा कुजला तर गाडीचा कणाच कुजला. तरीही कित्येक बक्षीसपात्र गाड्यांच्या त्याच जागी लांबी भरून, घासून, वर आरशासारखा रंग चढवलेला मी पाहिला आहे. कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड केला तर ती 'ओरिजिनल' राहत नाही; लांबी भरली तर राहते! या सोवळ्याला काय म्हणावे?

आणि एक बदल तर सोवळ्याच्या कट्टर भक्तालाही टळलेला नाही. २०२५ पासून देशभरच्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, मऊ करते. ओल ओढून टाकीला गंज लावते. टाकीच्या तळाची वर्षांची साका सोडवून जेटमध्ये आणून टाकते. त्यात मुळातच ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापते. तेव्हा नळ्या बदला, फिल्टर लावा, जेट बदला. १९६६ च्या नळीचा हट्ट धरणाऱ्याची गाडी एखाद्या दिवशी पेट्रोल टपकून पेट घेईल. मूळ इंधनच उरले नाही, तेथे मूळ नळीचा अभिमान किती दिवस बाळगणार?

मात्र बदल म्हणजे वाटेल तो बदल, असे मी म्हणत नाही. रुंद टायर, काळ्या काचा, गल्ली जागवणारा सायलेन्सर, पुढे राक्षसी जाळी, हा जो प्रकार 'मॉडिफाय' या नावाने चालतो त्याच्याशी माझे नाते नाही. माझी कसोटी साधी आहे. जे गाडीला थांबवते, वाट दाखवते, थंड ठेवते आणि आतल्या माणसाला सांभाळते, ते आजचे असावे. जे तिला तिची चाल देते, ते तिचे असावे. तिचे इंजिन १०८९चेच आहे. स्टिअरिंगच्या दांड्याला असलेला गिअर तसाच आहे. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हाताला जी ओळखीची वळणे घ्यावी लागतात ती मला प्रिय आहेत. आणि जो सुटा भाग काढला तो तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. पुढच्या मालकाला डायनमोची भक्ती करायची असेल तर तो खुशाल करो.

*

पण या वादात एक पक्षकार कोणीच विचारात घेत नाही, आणि माझ्या लेखी तोच सर्वांत महत्त्वाचा. तो म्हणजे मिस्त्री. आणि त्याच्यामागे उभे असलेले लेथवाले, पाटे बसवणारे, रेडिएटर झाळणारे, पत्रेवाले, कुर्ल्याच्या आणि ऑपेरा हाऊसच्या दुकानांतले सुटे भाग विकणारे. फियाटचे भाग इतकी वर्षे स्वस्तात मिळत राहिले ते कोणाच्या जिवावर? मेळाव्यांच्या जिवावर नव्हे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या जिवावर. हजारो टॅक्सी दिवसरात्र धावत, त्यांचे ब्रेक लायनर झिजत, किंगपिन खिळखिळे होत, क्लचप्लेटी जळत. म्हणून ते भाग कोणीतरी बनवी, कोणीतरी विकी, कोणीतरी बसवी. या टॅक्सीवाल्यांनी चर्चासत्रे न भरवता पद्मिनीत काय काय बदलले! पेट्रोल परवडेना तेव्हा डिझेल इंजिने घातली, पुढे त्याच १०८९च्या इंजिनावर सी.एन.जी. चढवला आणि लाखो किलोमीटर मारले. जुनी गाडी सुधारून रोज चालवण्याचा एवढा मोठा प्रयोग दुसरा कोणता झाला असेल, असे मला वाटत नाही. आणि तो करणाऱ्यांना कोणी कधी ढाल दिली नाही.

पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांनी अश्रू ढाळले, छायाचित्रे छापली. त्या अश्रूंत एक हिशेब वाहून गेला. रोज झिजणारी गाडी गेली की भाग बनवणारा जातो. भाग गेला की बसवणारा जातो. वर्षाला पन्नास किलोमीटर चालणाऱ्या मिरवणुकीच्या गाडीचे लायनर जन्मात झिजत नाहीत. तिच्यावर कोणाचे पोट चालणार? माझा मिस्त्री साठीच्या पुढे आहे. इंजिनाच्या आवाजावरून कोणत्या व्हॉल्वचे अंतर बिघडले हे तो सांगतो. त्याच्या हाताखाली आता एकही पोरगा नाही; पोरगा म्हणतो, "ही गाडी शिकून करू काय?" त्या पोराला उत्तर द्यायचे तर जुन्या गाड्या रस्त्यावर पाहिजेत, रोज पाहिजेत, बिघडायला पाहिजेत. वारसा वारसा म्हणून जे ओरडतात त्यांनी पत्रा वाचवला आणि हात गमावला.

*

आता पहिल्या पक्षाकडे वळतो. त्याचे सर्वांत बळकट म्हणणे हवेबद्दल आहे, आणि ते टाळून चालणार नाही. माझ्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. कितीही नीट जुळवली तरी दर किलोमीटरला ती आजच्या गाडीपेक्षा अधिक घाण सोडते. हे खरे आहे. परंतु नवी गाडी आकाशातून पडत नाही. तिचे पोलाद, ॲल्युमिनियम, काच, रबर, प्लॅस्टिक बनवताना, ती पहिला किलोमीटर चालण्याआधीच, काही टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. आणि रस्त्यावर अशा जुन्या गाड्या किती? शहराची हवा बिघडवणारे पुष्कळ दुसरे आहेत, आणि त्यांच्या संख्येपुढे आम्ही मूठभर आहोत. तरीही मूठभर असणे हा परवाना नव्हे, हे मला मान्य आहे. म्हणून माझी मागणी सवलतीची नाही. परीक्षा घ्या, आणि ती कडक घ्या. धूर मोजा, ब्रेक मोजा, पत्रा हातोडीने वाजवून पाहा. नापास झाली तर माझीही गाडी उभी करा. फक्त तिचा जन्मदाखला बघून निकाल देऊ नका. नीट राखलेली तीस वर्षांची गाडी पास होऊ शकते आणि हेळसांड झालेली आठ वर्षांची नापास होऊ शकते, हे कोणताही मिस्त्री सांगेल. २०२५ च्या जुलैत दिल्लीत वय उलटलेल्या गाड्यांना पंपावर इंधन नाकारण्याचा हुकूम निघाला आणि काही दिवसांतच तो थांबवावा लागला. वयावर चालणाऱ्या नियमांची अशीच गत होते.

आपल्या नियमांची मौज अशी, की त्यांनी दोन्ही पक्षांचे म्हणणे मान्य केले आणि चालवणाऱ्याला वाऱ्यावर सोडले. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. तिचे शुल्क २०२२ च्या एप्रिलपूर्वी ६०० रुपये होते, ते ५,००० झाले. २०२५ च्या ऑगस्टात वीस वर्षांवरच्या गाड्यांना ते १०,००० केले. शुल्काला माझी हरकत नाही. पण त्या दहा हजारांनी माझे ब्रेक अधिक चांगले होत नाहीत. उलट पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ च्या जुलैत 'व्हिंटेज'चे निराळे नियम आले. २०,००० रुपये भरा, 'व्ही.ए.' अक्षरांची पाटी मिरवा. मात्र चॅसिस, बॉडी, इंजिन यांत ठळक बदल नको, आणि गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, शर्यती-मेळावे, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतीच. म्हणजे सन्मान हवा असेल तर चालणे सोडा! आणि ५२ वे कलम तर बदलाकडे संशयानेच पाहते. कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा गाडी निराळी करता येणार नाही, हे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावले. त्यामागचा हेतू रास्त आहे. रस्त्यावर वाटेल ते यंत्र फिरू नये. परंतु पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवून गाडी अधिक सुरक्षित करू पाहणारा आणि कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लावणारा, हे दोघे एकाच रांगेत उभे राहतात. डिस्कबद्दल मी चौकशीला गेलो तेव्हा 'हे कोणत्या रकान्यात लिहायचे?' एवढाच प्रश्न मला मिळाला. तो रकानाच नाही, हीच माझी तक्रार.

हा रकाना निघू शकतो. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरच्या, चांगल्या राखलेल्या गाड्यांना 'एच' अक्षराची पाटी मिळते. तपासणी होते, त्या गाडीच्या काळाला साजेशे बदल मान्य होतात, आणि ती रोज चालवायला बंदी नाही. मोटारीच्या बाबतीत जर्मनांना कोणी अजागळ म्हणणार नाही. आपल्याकडेही भंगार आणि मखर यांच्या मध्ये एक तिसरा वर्ग हवा : रोज चालणारी जुनी गाडी. तिची दरवर्षी खरी तपासणी व्हावी. ब्रेक, दिवे, पट्टे, धूर यांत जो बदल तिला आजच्या रस्त्यालायक करतो तो पडताळून नोंदणीपुस्तकात लिहावा. जो बदल पडताळणीत टिकत नाही तो उतरवावा. एवढेच.

सरकार हे केव्हा करील ते करो. पण ज्यांच्या वाड्यामागे, चाळीच्या कोपऱ्यात, बंगल्याच्या शेडमध्ये आजोबांची फियाट खोळीत उभी आहे, त्यांना मला आजच सांगायचे आहे. तिची खोळ काढा. पेंढा भरण्यासाठी तिला नेऊ नका, आणि भंगारवाल्यालाही बोलावू नका. पायाखालचा पत्रा तपासा, ब्रेक नवे करा, नळ्या बदला, आणि तिला कामाला लावा. हे काम जाणणारे म्हातारे हात अजून कुर्ल्यात आहेत, पुण्यात आहेत, कोल्हापुरात आहेत. आणखी दहा वर्षांनी तुमच्याकडे गाडी असेल, पैसा असेल, हौसही असेल. ते हात मात्र असणार नाहीत.